गाडीलाच पेपर आधी कळला तर?

‘टेस्टिंगमध्ये आहेस? म्हणजे कोडिंग नाही जमलं?’ हा टोमणा प्रत्येक टेस्टरनं खाल्लाय. मीसुद्धा! मग मी समोरच्याला चाकणच्या गाड्यांची गोष्ट ऐकवतो.

चाकण म्हटलं की आपल्याला आठवतं ट्रॅफिक जॅम आणि फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र, बजाजचे प्लांट. पण आजची कार म्हणजे चाकांवरचं सॉफ्टवेअरच. ते तपासायचे पुस्तकी निकष सोपे आहेत. कोडची प्रत्येक ओळ एकदा तरी चालली का? प्रत्येक ‘इफ’च्या हो आणि नाही अशा दोन्ही वाटा तपासल्या का? मर्यादा ८०ची असेल, तर ७९, ८०, ८१ देऊन पाहिलं का? कव्हरेज १०० टक्के आलं की मॅनेजर खूश, रिलीज, पार्टी!

पण बॉस, इथंच तर गोची आहे.

१८ सप्टेंबर २०१५ला अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं फोक्सवॅगनला नोटीस धाडली. कंपनीच्या काही डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर टेस्ट चक्क ओळखायचं! लॅबमध्ये चाकं रोलरवर फिरतात, स्टिअरिंग मात्र हलत नाही. अशा खुणा दिसल्या की गाडी एकदम गुणी बाळ. रस्त्यावर आली की नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत. गंमत म्हणजे तो ‘बग’ नव्हताच. कोड लिहिला होता तस्साच चालत होता. कव्हरेज त्याला काय पकडणार? गडबड दिसली ती वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीच्या टीमला, गाडीत यंत्र ठेवून ती रस्त्यावर पळवली तेव्हा.

आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयनं गाड्या तपासल्या. डिसेंबर २०१५मध्ये कंपनीनं भारतातल्या ३,२३,७०० गाड्या सॉफ्टवेअर बदलायला परत बोलावल्या. भारतातले नियम मोडले नाहीत, असं कंपनीचं म्हणणं. २०१९मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं ५०० कोटींचा दंड ठोठावला, कंपनी सुप्रीम कोर्टात गेली. एप्रिल २०२३पासून तर नव्या गाड्यांच्या धुराची प्रत्यक्ष रस्त्यावरची चाचणी नियमातच आलीय.

यातून आपण काय घ्यायचं? कव्हरेज सांगतं, किती कोड चालला. आपण योग्य प्रश्न विचारला का, हे ते सांगत नाही. म्हणून टेस्ट केस लिहिताना स्पेसिफिकेशनसोबत भर पावसातला नाशिक फाटा ते चाकण रस्ताही डोळ्यांसमोर आणा. खड्डे, क्लच-ब्रेक, क्लच-ब्रेक, मध्येच घुसणारा टेम्पो. युजर तिथंच असतो. आणि त्या धुरात श्वास घेणारे आपणही!