ढगातली वही

परभणी जिल्ह्यात ढग म्हटले की माणूस आधी आभाळाकडे पाहतो. कापूस आणि सोयाबीन यांवर घर चालवणाऱ्या या मुलखाचा ढगांशी व्यवहार फार जुना आहे; पण तो भरवशाचा आहे, असे मात्र कोणी म्हणणार नाही! अशा ठिकाणी महाविद्यालयाच्या कचेरीतून जेव्हा उत्तर मिळते की, "कागद क्लाउडवर ठेवले आहेत," तेव्हा खेड्यातून आलेल्या बापाचा चेहरा पाहण्यासारखा होतो. मुलाचे कागद, आणि ढगात?

त्याचे समाधान करणे अवघड नाही. हा ढग जमिनीवरच, चांगल्या पक्क्या इमारतीत असतो. तेथे रात्रंदिवस संगणक चालू असतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे अशी केंद्रे उघडली. आपली फाइल आपल्या टेबलावरच्या यंत्रात न राहता अशा एखाद्या केंद्रात राहते आणि आपण दुरून तिच्यात लिहितो. गुगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५, तामिळनाडूतून निघालेले झोहो ही सारी याच कुळातली मंडळी.

मराठी शिकवणाऱ्याला यात खरे नवल वाटते ते पाठभेदांचे. पूर्वी ग्रंथाच्या नकला होत, नकलेच्या नकला होत, आणि दर नकलेत चार शब्द इकडचे तिकडे होत. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये, असा इशारा देऊन ठेवला. महाविद्यालयांत नॅकचा अहवाल तयार होताना हेच चाले. प्रत्येक विभागाची वेगळी प्रत; एकीचे नाव 'अंतिम', दुसरीचे 'अंतिम दोन', तिसरीचे 'खरे अंतिम'! एकनाथांइतका धीर प्राचार्यांनी आणावा कोठून? आता प्रत एकच असते. ज्याने लिहायचे त्याला लिहिण्याची परवानगी, बाकीच्यांना नुसती वाचण्याची. नाथांचा इशारा यंत्राने अमलात आणला म्हणा ना!

ही कल्पना आजची नव्हे. डग्लस एंगेलबार्ट या अमेरिकन संशोधकाने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे भरसभेत दाखवले, की दूरदूर बसलेली दोन माणसे एकाच पडद्यावर एकच मजकूर हाताळू शकतात. अडचण होती ती वेगळीच. दोघांनी एकाच क्षणी एकाच ओळीत अक्षर घातले, तर कोणाचे कोठे बसवायचे? त्याचा हिशेब मांडण्याची एक रीत १९८९ साली प्रसिद्ध झाली, आणि पुढे घरोघरच्या पडद्यावर ती कामाला आली.

शिवाय ही वही विसरत नाही. कोणती ओळ कोणी, केव्हा लिहिली आणि कोणी खोडली, याची नोंद ती ठेवते. येथे मला आमच्या गंगाखेडच्या जनाबाईची आख्यायिका आठवते. शेजारणीशी गोवऱ्यांवरून वाद झाला, तेव्हा कबीराने गोवरी कानाशी धरली. जिच्यातून विठ्ठलनाम ऐकू आले, ती जनीची! पाच मुलांनी मिळून निबंध लिहिला की राबणारी एक आणि नाव पाचांचे, हा वर्गातला जुना अन्याय. आता ओळ कानाशी धरावी, ती आपल्या धन्याचे नाव सांगते.

ऑगस्ट २०२० मध्ये, करोनाने शाळा बंद असताना, महाराष्ट्र शासनाने गुगलशी सहकार्य करून वर्गासाठी ही साधने आणली. सुमारे २ कोटी ३० लाख विद्यार्थी आणि शिक्षकांपर्यंत ती पोहोचवण्याचा संकल्प होता. संकल्प मोठाच; पण पालम-सोनपेठकडच्या कितीएक घरांत मोबाइल एकच. बाप तो खिशात घालून शेतावर गेला, की वर्गही त्याच्याबरोबर शेतावर जाई!

तरीही मला खरी काळजी निराळीच वाटते. वही आपली; पण घर दुसऱ्याचे, आणि किल्लीही दुसऱ्याकडे. गंगाखेड तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने मैत्रिणींना घेऊन आजीच्या आणि आळीतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या तीन वर्षे जमवल्या. चौघी एकाच सामाईक फायलीत लिहीत. पदवी हाती आली, आणि काही महिन्यांत त्यांच्या महाविद्यालयाने जुन्या विद्यार्थ्यांची खाती बंद केली. नियम म्हणून त्यात वावगे काही नव्हते. फाइल मात्र गेली. तोवर आजीही गेली होती. पुन्हा विचारायचे कोणाला? एका मैत्रिणीने काही पाने छापून ठेवली होती, तेवढ्याच ओव्या वाचल्या.

नियम कंपन्याही बदलतात. शिक्षणसंस्थांना गुगलची साठवण एके काळी अमर्याद आणि फुकट होती. २०२१ मध्ये घोषणा झाली आणि २०२२ पासून एका संस्थेला १०० टेराबाइटांची मर्यादा आली. मोठ्या विद्यापीठाला ती चटकन जाणवते. फुकटच्या ओसरीवर मुक्काम करणाऱ्याने यजमानाची कुरकुर गृहीत धरावी, हे व्यवहारी माणसाला सांगायला नको.

म्हणून वही वापरूच नये काय? छे! चार गावच्या चार मुलींना एका पानावर बसवणारे साधन टाकून देण्याजोगे खासच नाही. मात्र दर सत्राच्या अखेरीस फायलींची प्रत उतरवून आपल्या यंत्रात ठेवावी; तशी सोय बहुधा असतेच. अनमोल मजकूर असेल तर कागदावर छापावा. मूळ फाइल कोणाच्या नावावर आहे, हे काम सुरू करतानाच विचारावे. आणि महाविद्यालयांनी खाते बंद करण्यापूर्वी मुलांना महिनाभर आधी दोन ओळींचे पत्र पाठवावे. त्याला पैसा लागत नाही.

आज घरोघरी मुले अशा वह्यांत लिहीत आहेत. या दिवाळीत फराळाच्या ताटापाशी त्यांना एवढेच विचारा : "तुझे लिहिलेले तुझ्याजवळ आहे ना?"