मशीन चालू होईना, तर आधी दोरी सोडा



मृगाचा पाऊस झाला की आपल्या कुंडल भागात गवत आणि कामाची घाई दोन्ही एकदमच वाढतात. उसाचे बांध, द्राक्षबागेतल्या ओळी, पाटाच्या कडा, सगळीकडं हिरवं माजतं. खुरप्यानं एका बाईनं दिवसभरात किती ओढायचं त्याला मर्यादा आहे. म्हणून आमच्या गटानं बचतीत थोडी कर्जाची भर घालून गवत कापायचं मशीन घेतलं. खांद्याला पट्टा अडकवून चालवायचं, पेट्रोलवर चालणारं. कुणी त्याला ग्रास कटर म्हणतं, कुणी ब्रश कटर. शहरात बंगल्यापुढची हिरवळ कापायला जे ढकलायचं मशीन असतं त्याचं, आपल्या फवारणीच्या पेट्रोल पंपाचं आणि छोट्या पॉवर वीडरचं इंजिनही त्याच जातीचं. त्यामुळं आज जे सांगणार आहोत ते यातलं कुठलंही मशीन घरात असलं तरी उपयोगी पडेल.

पहिल्या वर्षाची गोष्ट आधी सांगतो. जूनमध्ये एका बागवाल्या दादांनी दोन एकराचं काम दिलं होतं. सकाळी सातला चौघी बागेत हजर. मशीन दिवाळीनंतर कोपऱ्यात ठेवलेलं, ते काढलं, टाकीत पेट्रोल होतंच, दोरी ओढली. काही नाही. परत ओढली. मग पाळीपाळीनं ओढली. एका आक्काचा खांदा दोन दिवस वर उचलत नव्हता. नऊ वाजता दादांनी दुसऱ्या माणसाला फोन लावला. आमच्या चौघींची हजेरी गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे "बायकांकडं मशीन दिलं की असंच" हे वाक्य ऐकून परत आलो.

मग मशीन एका मिस्त्रींकडं गेलं. ऐन हंगामात आठ दिवस तिथं पडून राहिलं. कार्बोरेटर गेलाय म्हणाले, नव्याचे पैसे घेतले. आम्ही दिले. काय झालं होतं हे विचारायचं सुचलंच नाही. पुढच्या जूनमध्ये अगदी तसंच झालं तेव्हा मात्र एक वहिनी म्हणाल्या, "अगं, दिवाळीला ठेवलं तेव्हा चांगलं चालत होतं. ठेवल्याजागी काय मोडणार?"

तिथून आमचं शिक्षण सुरू झालं. मोडलं काहीच नव्हतं. सात महिने पेट्रोल आत बसून खराब झालं होतं.

हे नीट समजून घ्या, कारण हंगामाच्या पहिल्या दिवशी मशीन अडतं त्यामागं बहुतेक वेळा हेच असतं. आता पंपावर जे पेट्रोल मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. २०२३ च्या फेब्रुवारीत काही पंपांवर ते सुरू झालं आणि आता बहुतेक सगळीकडं तेच आहे. हे इथेनॉल उसापासूनही होतं. सांगली-साताऱ्यातल्या कितीतरी कारखान्यांतून ते निघतं. म्हणजे आपण तोडलेल्या उसाचा अंश आपल्याच मशीनच्या टाकीत येतो. आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही, उसाला चार पैसे मिळतात. पण इथेनॉलला पाण्याची ओढ असते. मीठ जसं पावसाळ्यात सादळतं तसं ते दमट हवेतलं पाणी धरून ठेवतं. पाणी फार झालं की इथेनॉल ते पाणी घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाशी बसतं. टाकीतली नळी पेट्रोल ओढते तीही तळातूनच. शिवाय कार्बोरेटरमध्ये राहिलेलं थोडं पेट्रोल उडून जातं आणि मागं चिकट थर राहतो. कार्बोरेटरमधलं पेट्रोल यायचं भोक सुईच्या टोकाएवढं असतं. ते बुजायला कितीसा वेळ लागतो?

जुनं पेट्रोल ओळखायला ते काचेच्या बरणीत काढून उजेडात घटकाभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला, गढूळ दिसलं किंवा आंबूस-वार्निशसारखा वास आला तर ते वापरू नका. आणि काढताना नळी तोंडानं ओढायची नाही. मशीन तिरकं करून ओता.

आता मुळाकडं येऊ. इंजिन म्हणजे आपली चूलच समजा. चूल पेटायला लाकूड लागतं, काडी लागते आणि वारा लागतो. लाकूड ओलं असेल तर कितीही काड्या ओढा, धूरच होणार. काडी सादळली असेल तर लाकूड वाळकं असून उपयोग नाही. राख तुंबली असेल तर दोन्ही चांगलं असून चूल विझणार. इंजिनात लाकडाच्या जागी पेट्रोल, काडीच्या जागी प्लगची ठिणगी आणि वारा म्हणजे हवा. चुलीला लागत नाही अशी एकच गोष्ट जास्त, ती म्हणजे दाब. आतला दट्ट्या पेट्रोल आणि हवा दाबून धरतो तेव्हाच ठिणगीचा भडका होतो. सायकलला हवा भरायच्या पंपाचं तोंड अंगठ्यानं दाबून दांडा ढकलला तर जो विरोध लागतो, तो दाब.

मशीन चालू होत नाही म्हणजे या चारांतलं एक काहीतरी कमी आहे. पाच-सहा वेळा ओढून चालू झालं नाही तर थांबायचं. दोरी ओढत राहिलं तर काय बिघडलंय ते कळत नाही, उलट आत पेट्रोल साचतं आणि नवीन अडचण तयार होते.

थांबल्यावर आधी साध्या गोष्टी बघा, आणि यात लाज वाटू देऊ नका. बटण चालूवर आहे का? आम्ही एकदा अर्धा तास घालवला आणि बटण बंद होतं. पेट्रोलचा कॉक असेल तर तो उघडा आहे का? टाकीत ताजं, म्हणजे महिन्याभराच्या आतलं पेट्रोल आहे का? कार्बोरेटरपाशी रबरी फुगा असेल तर तो सहा-सात वेळा दाबून त्यात पेट्रोल दिसतंय का? थंड मशीनला चोक लावायचा आणि एकदा भडका झाला की काढायचा. गरम मशीनला लावायचाच नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर मशीन अडलं म्हणून येणाऱ्या तक्रारींत हाच चोक फार वेळा असतो.

एवढं ठीक असेल तर प्लग काढा. त्यासाठी प्लगचा पाना लागतो, तो बहुतेक वेळा मशीनबरोबरच येतो. इंजिन थंड होऊ द्या, प्लगवरची रबरी टोपी हातानं ओढून काढा आणि पान्यानं प्लग सोडवा. आमच्या मते या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त बोलणारी वस्तू हीच आहे. प्लगचं टोक ओलं, पेट्रोलनं भिजलेलं असेल तर पेट्रोल येतंय, उलट जास्त आलंय. प्लग पुसून वाळवा, चोक काढा, प्लग बाहेरच ठेवून दोरी आठ-दहा वेळा ओढा म्हणजे आतलं साचलेलं बाहेर पडेल, मग प्लग लावून बघा. टोक कोरडं ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचतच नाहीये. काळी काजळी धरली असेल तर हवा कमी पडतेय किंवा दोन स्ट्रोकच्या मशीनमध्ये तेल जास्त झालंय. काजळी तारेच्या ब्रशनं झाडा आणि टोकाशी फट किती आहे ते बघा. साधारण ०.६ ते ०.७ मिलीमीटर हवी.

ठिणगी बघायची तर प्लग परत टोपीत बसवून त्याची धातूची बाजू इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवायची आणि दुसरीनं दोरी ओढायची. निळी, खणखणीत ठिणगी दिसली तर चांगली. पिवळी, मरगळलेली किंवा काहीच नाही तर आधी प्लग बदला, तो स्वस्त आहे. पण हे करताना टाकीचं झाकण घट्ट, सांडलेलं पेट्रोल पुसलेलं आणि प्लगच्या भोकावर कोरडं फडकं हवं. प्लग त्या भोकापासून लांब टेकवा. टोपी रबराला धरा, धातूला हात लागला तर झटका बसतो. चूल, बिडी, उदबत्ती काहीही जवळ नको. नवीन प्लगलाही ठिणगी नाही आली तर मुठीवरच्या बटणाची वायर शेवटपर्यंत बघा. कुठं सोलून लोखंडाला टेकत असेल तर बटण चालू असूनही मशीन बंदच राहतं. आमची वायर उंदरानं कुरतडली होती. उसाच्या रानाकडेला मशीन ठेवलं की हे होणारच.

ठिणगी चांगली आणि प्लग कोरडा, असं असेल तर एक परीक्षा आहे. प्लगच्या भोकात ताज्या पेट्रोलचे दोन-तीन थेंब सोडा, थेंबच, जास्त नाही. प्लग बसवा, सांडलेलं पुसा आणि ओढा. क्षणभर भुरकन चालू होऊन बंद पडलं तर आनंद माना. ठिणगी ठीक, दाब ठीक, फक्त टाकीतून पेट्रोल येत नाही. मग टाकीत वाकवलेली तार घालून नळीचं टोक बाहेर काढा, त्याला फिल्टरचा छोटा गोळा असतो, तो घाणीनं भरलेला असेल. नळी कडक होऊन चिरली आहे का बघा. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, तेही बुजतं. मशीन चालू होऊन पाच-दहा मिनिटांनी मरत असेल तर झाकण जरा सैल करून बघा. चालायला लागलं तर दोष तिथंच.

हे सगळं चांगलं असेल तर कार्बोरेटर तुंबलाय. इथं आपल्याला स्टोव्हची आठवण येते आणि पिन घालायचा मोह होतो. घालू नका. भोक जरा जरी मोठं झालं तरी पेट्रोल कायमचं जास्त जायला लागतं. दुकानात कार्बोरेटर साफ करायचा फवारा मिळतो, तो वापरायचा. पहिल्यांदा उघडताना मात्र जाणत्या मिस्त्रीसमोर बसून बघा आणि कुठला स्क्रू कुठला ते वहीत काढून घ्या. आमच्या पहिल्या वर्षीचा कार्बोरेटर बदलायची गरज होती का, हे आता कळायला मार्ग नाही. पण जुना भाग परत मागून घ्यायचा, हे तेव्हापासून ठरलंय.

हवेचं काम सोपं आहे. फिल्टर स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवा. कागदी असेल तर नुसता झाडा, धुवू नका. धूर निघायचं तोंडही बघा. एका वर्षी आमच्या सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं!

दाब तपासायला प्लग लावलेला असताना दोरी हळू ओढा. विरोध लागला पाहिजे. अगदी ढिली, विहिरीतनं रिकामी बादली यावी तशी आली, तर रिंग किंवा वॉल्व्हचं काम आहे. दोरी हलेचना, तर प्लगची टोपी काढून आधी पात्यापाशी गवत गुंडाळलंय का बघा. ते नसेल आणि तरीही अडत असेल तर मिस्त्रीकडंच न्या. पण "चालू होत नाही" एवढंच न सांगता "ठिणगी आहे, पेट्रोल येतंय, दाब नाही" असं सांगा. समोरच्याची बोलण्याची पद्धत बदलते, हा आमचा अनुभव.

तेलाचं विसरून चालणार नाही. पेट्रोलच्या टाकीशिवाय तेलाचं वेगळं झाकण असेल तर मशीन चार स्ट्रोकचं. आमच्या ३५ सीसीच्या इंजिनात जेमतेम १०० मिली तेल बसतं, म्हणजे चहाचा एक कप. तेवढं कमी झालं की इंजिन जळतं. वीडरच्या किंवा पंपाच्या मोठ्या इंजिनांत कधीकधी अशी सोय असते की तेल कमी झालं की ठिणगी आपोआप बंद होते. उताराच्या बांधावर मशीन तिरकं ठेवलं तरी तसं होतं, म्हणून सपाट जागी आणून बघा. तेलाचं वेगळं झाकण नसेल तर दोन स्ट्रोकचं, त्यात तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. पुस्तिकेत ५० ला १ असेल तर लिटरला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. अंदाजे धार ओतायची नाही, औषधाच्या मापानं मोजायचं.

आपलं गाव काही यंत्रांना नवखं नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी इथंच शेजारच्या माळावर कारखाना काढला, तेव्हा तिथल्या स्टेशनचं नाव कुंडल रोड होतं. कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर ही त्यांची सुरुवातीची कामं. त्याच किर्लोस्करवाडीतून १९३० साली बायकांसाठी 'स्त्री' मासिक निघालं. म्हणजे इथं यंत्रही होतं आणि बायकांचं वाचनही होतं, फक्त पाना आपल्या हातात यायला उशीर झाला. आमच्या सासूबाईंच्या वयाच्या एक मावशी आता प्लग बघून सांगतात, "ओला आहे गं, चोक काढा."

दिवाळीनंतर मशीन ठेवताना आम्ही आता टाकी रिकामी करतो, मग उघड्यावर, कधीच बंद खोलीत नाही, मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. काढलेलं ताजं पेट्रोल कुणाच्या तरी मोटारसायकलला जातं, पण तेल मिसळलेलं असेल तर नाही. पेट्रोल पाण्याच्या बाटलीत ठेवायचं नाही, घरात लेकरं असतात. मशीन पोत्यात गुंडाळून भिंतीला उंच टांगतो. शेजारी पिशवीत पाना, तारेचा ब्रश, एक नवा प्लग, फिल्टरचा गोळा आणि वही. मे महिन्याच्या शेवटी, काम मिळायच्या आधी, एकदा ताजं पेट्रोल घालून दारात चालू करून बघतो. गेल्या वर्षी तिसऱ्या ओढीला लागलं. ते बागवाले दादा यंदा पुन्हा विचारायला आले होते. त्यांना आम्ही बारा तारीख दिली आहे.