गळका नळ आणि माशाचा पर

रात्री नळ नीट बंद झाला नाही, तर थेंबथेंब गळून सकाळपर्यंत बादली भरते. वाचकहो, आपल्या मोबाईलमध्येही असेच अब्जावधी सूक्ष्म नळ असतात. त्यांना ट्रान्झिस्टर म्हणतात. ते सिलिकॉनचे असतात आणि त्यांतून पाण्याऐवजी वीज वाहते. नळाला जशी चावी, तसे ट्रान्झिस्टरला 'गेट' असते. गेटवर विजेचा दाब दिला की प्रवाह सुरू होतो, दाब काढला की बंद.

ट्रान्झिस्टर जितका लहान, तितके ते एका चिपवर जास्त मावतात. म्हणून ते वर्षानुवर्षे लहान होत गेले. १९९०च्या दशकात मात्र एक काळजी उभी राहिली. गेट सिलिकॉनच्या फक्त वरच्या बाजूला असे. प्रवाहाची दोन टोके फार जवळ आली, की गेट बंद असतानाही खालच्या भागातून वीज चोरवाटेने निसटे. काम काहीच नाही, पण वीज वाया आणि चिप गरम! २५ नॅनोमीटरच्या खाली जाणे अशक्य, असे अनेक जाणकारांना वाटत होते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रयोगशाळेत हा प्रश्न हाती घेतला गेला. प्राध्यापक चेनमिंग हू, जेफ्री बोकोर आणि त्सु-जे किंग हे त्यातले प्रमुख. जपानच्या हिताची कंपनीतले हिसामोतो हेही त्या कामात होते. उभ्या भिंतीसारख्या सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर त्यांनी १९८९ सालीच दाखविला होता.

या मंडळींनी सिलिकॉनची अगदी पातळ पट्टी उभी केली आणि गेट तिच्या दोन्ही बाजूंनी बसविले. रबरी नळीवर वरून बोट दाबण्याऐवजी ती चिमटीत धरावी, तसे हे झाले. पट्टी इतकी पातळ, की गेटपासून दूर असा भागच उरला नाही. मग चोरवाट कुठली? माशाच्या परासारखी दिसणारी ही रचना 'फिनफेट' नावाने ओळखली जाते. १९९९ साली त्यांनी ५० नॅनोमीटरपेक्षा लहान गेटचा फिनफेट जगापुढे मांडला.

कारखान्यांना तेव्हा त्याची निकड नव्हती. इंटेल कंपनीने अशी रचना वापरण्याची घोषणा २०११ साली केली आणि २०१२ साली त्या चिप बाजारात आल्या. पुढे ती मोबाईलमध्येही पोहोचली.

उद्याची अडचण विद्यापीठाने दहा-बारा वर्षे आधीच ओळखली होती. घरातल्या मुलाने 'हे शिकून आज काय उपयोग?' असे विचारले, तर त्याला ही गोष्ट जरूर सांगा.