थंडीतलं गॅरेज, लेखांक 5: दोष हीटरचा की थर्मोस्टॅटचा?

मागच्या आठवड्यात हीटर छताला टांगून झाला, गॅसची जोडणी आणि धुराडंही पाहून झालं. आता उरल्या भिंतीवरच्या थर्मोस्टॅटकडे जाणाऱ्या बारीक वायरी. मिनेसोटा, मिशिगन, ओंटारियोकडच्या हिवाळ्यात नव्या हीटरचं बहुतेकदा इथेच अडतं. ब्रेकर चालू, थर्मोस्टॅट 60 फॅरनहाइटवर, आणि हीटर ढिम्म. मग लोक थेट दुकानात जाऊन दुसरा थर्मोस्टॅट आणतात. माझं स्पष्ट मत आहे की मोजमाप केल्याशिवाय एकही भाग बदलू नये.

सगळ्यात आधी हीटरच्या झाकणामागची पाटी वाचा. गॅसच्या हीटरचा थर्मोस्टॅट 24 व्होल्टवर चालतो. विजेच्या अनेक हीटरमध्ये मात्र थर्मोस्टॅटमधून थेट 240 व्होल्ट जातात. 24 व्होल्टचा नाजूक थर्मोस्टॅट तिथे जोडला तर तो जळतो, आगही लागू शकते.

भारतात वायरिंगची सवय झालेल्यांनी इथे विशेष जपावं. आपल्याकडे 230 व्होल्ट म्हणजे एक फेज आणि एक न्यूट्रल. फेज तोडली की काम झालं. अमेरिकेत 240 व्होल्ट दोन जिवंत वायरींमधून येतात आणि प्रत्येकीत जमिनीच्या तुलनेत 120 व्होल्ट असतात. एकाच वायरीला तोडणारा थर्मोस्टॅट ‘बंद’ केला तरी दुसरी जिवंतच राहते. म्हणून अशा हीटरला दोन्ही वायरी तोडणारा डबल पोल थर्मोस्टॅट घ्यावा आणि झाकण उघडण्यापूर्वी ब्रेकर पाडावा. 5000 वॅटचा हीटर जवळजवळ 21 अँपिअर ओढतो. त्याला 30 अँपिअरचा ब्रेकर आणि 10 गेजची तांब्याची वायर लागते. ही जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

आता गॅसच्या हीटरकडे वळू. आतला छोटा ट्रान्सफॉर्मर 120 चे 24 व्होल्ट करतो. बोर्डावर आर, डब्ल्यू आणि सी अशी टर्मिनल असतात. आर म्हणजे 24 व्होल्टचा पुरवठा, डब्ल्यू म्हणजे उष्णतेची मागणी आणि सी म्हणजे परतीची वाट. साधा थर्मोस्टॅट हा आर आणि डब्ल्यू यांना जोडणारा निव्वळ एक स्विच असतो. दोष कुठल्या बाजूला आहे, हे त्यामुळेच वायरीच्या एका तुकड्याने कळतं. ब्रेकर पाडा, थर्मोस्टॅटच्या वायरी सोडवा, आर आणि डब्ल्यू यांच्यात वायरीचा तुकडा लावा आणि ब्रेकर उचला. आधी धुराचा पंखा फिरेल, मग थोड्या वेळाने बर्नर पेटेल. पेटला तर हीटर ठीक आहे, दोष थर्मोस्टॅटमध्ये किंवा भिंतीतल्या वायरीत आहे. नाही पेटला तर थर्मोस्टॅटला हात लावायचं कारण नाही. तुकडा चुकून आर आणि सी यांच्यात मात्र लावू नका. त्याने फ्यूज उडतो, फ्यूज नसेल तर ट्रान्सफॉर्मर जातो.

पुढचं काम मल्टिमीटरचं. तुकडा काढून वायरी परत जोडा, मीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि बोर्डावर आर ते सी मोजा. 24 च्या आसपास यायला हवेत, भार नसताना 27-28 सुद्धा दिसतात. शून्य आलं तर आधी बोर्डावरचा 3 किंवा 5 अँपिअरचा फ्यूज पाहा. पुरवठा असेल तर आर ते डब्ल्यू मोजा. मागणी नसताना इथे 24 दिसतात आणि थर्मोस्टॅटने मागणी केली की शून्य. इथे भलेभले चकतात, शून्य दिसलं की वीज गेली असं त्यांना वाटतं. खरं तर स्विचचे संपर्क जुळले की त्याच्या दोन टोकांत फरकच उरत नाही. खात्रीसाठी डब्ल्यू ते सी मोजा. मागणी असताना तिथे 24 हवेतच. मागणी करूनही आर ते डब्ल्यू 24 च राहिले तर ब्रेकर पाडून भिंतीवरचा थर्मोस्टॅट काढा, त्याच्या दोन्ही वायरी एकत्र पिळा आणि ब्रेकर उचला. हीटर चालू झाला तर थर्मोस्टॅट खराब. तरीही गप्प असेल तर वायर कुठेतरी तुटलीय: स्टेपल आरपार गेलेला असतो, नाहीतर स्क्रूखाली तांब्याऐवजी वरचं प्लॅस्टिकच दाबलेलं असतं.

स्मार्ट थर्मोस्टॅटला बहुधा सी टर्मिनलची तिसरी वायर लागते. भिंतीत दोनच असतील तर काही मॉडेल डब्ल्यूमधून थोडी थोडी वीज ओढतात आणि हीटरचा रिले कटकट वाजत राहतो. भिंत उघडी असतानाच 18 गेजची पाचपदरी केबल ओढून घ्या. थर्मोस्टॅटमागचं भोकही पुट्टीने बुजवा. तिथून येणाऱ्या गार हवेमुळे तो खोटं तापमान वाचतो.

हीटर पेटून काही सेकंदांतच विझत असेल तर थर्मोस्टॅटचा संबंध नाही. ज्योत ओळखणारी सळई अतिशय सूक्ष्म प्रवाहावर चालते; अर्थिंग सैल असेल किंवा 120 व्होल्टची जिवंत वायर आणि न्यूट्रल उलटे जोडले असतील, तर बोर्डाला ज्योत असूनही ‘दिसत’ नाही. मुळात पेटतच नसेल तर नव्या गॅसलाइनमध्ये हवा अडकलेली असू शकते. दोन्ही प्रकारांत काही प्रयत्नांनंतर बोर्ड स्वतःला कुलूप लावून घेतो. बोर्डावरचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा आणि झाकणामागच्या तक्त्याशी पडताळा.

पुढच्या लेखांकात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कुठे लावायचा ते पाहू. तोवर एवढं लक्षात ठेवा: गॅसचा वास आला तर यातली एकही चाचणी करू नका. दिव्याचं बटणही न दाबता घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरूनच 911 ला फोन करा.