कपाटातली लेन्स आणि श्रावण

कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत 'कोरड्या व थंड जागी ठेवा' अशी सूचना हमखास असते. जुलैच्या रत्नागिरीत अशी जागा कुठे मिळते, हे पुस्तिका लिहिणाऱ्याला कुणी विचारलेलं दिसत नाही. आपल्याकडे कॅमेरे पडून फुटतात त्यापेक्षा जपून ठेवल्यामुळे जास्त बिघडतात, असं माझं कित्येक वर्षांचं ठाम मत आहे.

रोजची देखभाल आधी भराभर उरकतो. लेन्सवर पहिल्यांदा ब्लोअरने हवा मारावी, मग मऊ ब्रश फिरवावा. तरीही बोटाचा ठसा उरलाच तर मायक्रोफायबरच्या कापडावर द्रवाचा थेंब घ्यावा (थेट काचेवर नको, तो कडेने आत शिरतो) आणि मधून कडेकडे गोल पुसावं. शर्टाचं टोक वर्ज्य. समुद्रावरून आल्यावर बॉडी पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसावी, कारण मीठ हवेतली ओल ओढत बसतं. बॅटरी बरेच दिवस लागणार नसेल तर निम्मी चार्ज करून बाहेर काढून ठेवावी. सेन्सरवरची धूळ पाहायची तर एफ १६ वर मोकळ्या आभाळाचा फोटो काढावा. ठिपके दिसले तर ब्लोअर, त्यानेही गेले नाहीत तर जाणकाराकडे जावं. झालं.

आता फंगस. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, तुमच्या-माझ्या लेन्समध्येही आहेत. सापेक्ष आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली, वर अंधार आणि कोंदटपणा मिळाला, की ते रुजतात. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात ८० टक्के म्हणजे नेहमीचीच गोष्ट. काच काही बुरशीचं अन्न नव्हे. ती जगते धुळीवर, बोटांच्या तेलकटपणावर, वंगणावर. पण वाढता वाढता आम्लं सोडते, आणि ती आधी काचेवरचं कोटिंग खातात, मग काच. म्हणून बुरशी पुसून गेली तरी तिच्या जाळ्याची नक्षी कोरलेली राहू शकते.

हे कोटिंग साधं नसतं. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. लेन्समध्ये पाच-सहा भिंगं असली की किती प्रकाश वाया जाईल आणि आतल्या आत उधळेल, याचा हिशेब करून पाहा. झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली त्यावर पातळ थराचा उपाय काढला. बुरशी नेमकी त्याच थरावर बसते.

इथे थोडं वाट सोडून न्यू गिनीला जायला हवं. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या जंगलांत सैन्याच्या दुर्बिणी आणि नेमबाजीच्या भिंगांना बुरशीने आंधळं करून टाकलं. ऑस्ट्रेलियात १९४० पासून युद्धोपयोगी भिंगांसाठी एक समिती काम करत होती. तिचे प्रमुख मेलबर्न विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ थॉमस लॅबी. बुरशीच्या मागे मात्र लागले त्याच विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन टर्नर. उपाय म्हणून मर्थायोलेट हे पाऱ्याचं संयुग वापरलं गेलं. काच आजारी पडली आणि वैद्य म्हणून झाडपाल्याचा अभ्यासक आला, ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगत असतो.

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेरा दुरुस्तीची दुकानं आहेत. तिथल्या एका कारागिराच्या टेबलापाशी उभं राहणं हा माझा आवडता उद्योग. सावंतवाडीच्या एका स्नेह्यांची जुनी लेन्स मी या कारागिरांकडे नेली होती. त्यांनी ॲपर्चर पूर्ण उघडलं, मागून टॉर्च तिरका धरला, एकदाच आत पाहिलं आणि विचारलं, "साहेब, चामड्याच्या केसमध्ये कपाटात ठेवली होती ना?" होतीच. चामडं ओल धरतं आणि बुरशीला खायलाही घालतं. जुन्या कॅमेऱ्यांच्या त्या देखण्या तपकिरी केस भिंतीवर टांगायला छान, आत कॅमेरा ठेवायला नव्हेत.

टॉर्चची ही परीक्षा घरी कुणालाही जमते. धूळ सुटी, ठिपक्याठिपक्यांची दिसते. बुरशीला तंतू फुटलेले असतात. कडेला इवलंसं जाळं दिसलं म्हणून घाबरू नये, फोटोत ते उमटतही नाही. पण जाळं पसरलं की उजेडासमोर काढलेले फोटो दुधाळ यायला लागतात. मागच्या भिंगावरची बुरशी पुढच्यापेक्षा जास्त त्रास देते. 'एका लेन्सची बुरशी दुसरीला लागते' ही भीती मला अवास्तव वाटते. दोघी एकाच दमट कपाटात असतात, एवढंच.

उपाय स्वस्त आहे. रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिकचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. फार कोरडंही नको, वंगण सुकतं आणि रबर तडकतं. निळं सिलिका जेल ओल पिऊन गुलाबी होतं आणि तापवलं की पुन्हा निळं. त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, तेव्हा स्वयंपाकाच्या भांड्यात ते तापवू नये. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरणाऱ्यांना पीठ फुकट मिळतं. डांबरगोळीने ओल कमी होत नाही. पैसे असतील तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्यावं. आणि सगळ्यांत फुकटचा उपाय म्हणजे पावसाळ्यातही कॅमेरा बाहेर काढून वापरणं. उन्हं पडली की लेन्स थोडा वेळ उजेडात ठेवावी असं म्हणतात, पण सूर्याकडे तोंड करून नको: कापडी शटरच्या जुन्या कॅमेऱ्यांत भिंगातून आलेल्या उन्हाने शटरला भोक पडतं.

कोकणाचं झालं, पण जेजुरीचं दुखणं अगदी उलटं. सोमवती अमावास्येला हळदीचा भंडारा उधळतात तेव्हा गडावर हवाच पिवळी होते, आणि झूम लेन्स लांबवताना ती हवा आत ओढते. तिथे न लांबणारी, एकाच फोकल लेंथची लेन्स न्यावी, सांध्यांवर चिकटपट्टी लावावी आणि काहीही झालं तरी लेन्स गडावर बदलू नये. घरी आल्यावर पाण्याला हात लावण्याआधी सगळा भंडारा ब्लोअरने आणि कोरड्या ब्रशने उडवावा. ओली हळद रबरी ग्रिपवर बसली की उतरत नाही. गुलालालाही हाच नियम. विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलालापेक्षा मला हल्ली लेझरची जास्त धास्ती वाटते: किरण थेट लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवर कायमची रेघ उमटू शकते आणि ती कुठल्याच ब्लोअरने जात नाही, सेन्सरच बदलावा लागतो.