वर्ग मोबाइलवर, बाक वाचनालयात

नागपुरात वाचनालयाचा पत्ता विचारला, तर लोक बहुतेक वेळा अभ्यासिकेचाच पत्ता सांगतात. बर्डी असो, महाल असो, इंदोरा असो की मानेवाडा, सकाळी ज्या इमारतीसमोर सायकली आणि दुचाक्यांची दाटी दिसेल, तिथे वरच्या मजल्यावर अभ्यासिका असणार हे ठरलेलं. आत गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरकडून आलेली मुलंमुली बसलेली असतात. कुणाचं पोलीस भरतीचं चाललेलं असतं, कुणाचं एमपीएससीचं, कुणाचं रेल्वेचं. पुस्तकं त्यांची स्वतःचीच असतात आणि शिकवणारे सर मोबाइलमध्ये. वाचनालयाकडून त्यांना टेबल, पंखा, प्लग, वायफाय आणि शांतता हवी असते.

हे ऐकून जुन्या वाचकांना थोडं वाईट वाटतं. कादंबऱ्यांची कपाटं तशीच राहिली आणि वाचनालयाचं वसतिगृह झालं, अशी तक्रार कानावर येते. मला ती पटत नाही. आजच्या नागपुरात सार्वजनिक वाचनालयाचं याहून मोठं काम दुसरं दिसत नाही.

या शहराला वाचनाचा वारसा मोठा आहे. मध्य प्रांत आणि पुढे वऱ्हाडासह झालेल्या प्रांताची ही राजधानी होती. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांतली वर्तमानपत्रं एकाच टेबलावर वाचायची सवय इथे तेव्हापासूनची. महालातलं राष्ट्रीय वाचनालय, राजाराम सीताराम दीक्षित वाचनालय ही नावं जुन्या नागपूरकरांच्या तोंडी आजही असतात. झाशी राणी चौकात मेट्रोतून उतरलं, की विदर्भ साहित्य संघाचं संकुल लागतं. १४ जानेवारी १९२३ रोजी अमरावतीत स्थापन झालेली ही संस्था पुढे नागपूरकर झाली. शासकीय विभागीय ग्रंथालय आहे, महापालिकेची वाचनालयं आहेत. आणि १४ ऑक्टोबर १९५६च्या धम्मदीक्षेनंतर उत्तर नागपुरातल्या वस्त्यावस्त्यांतून, विहारांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या अभ्यासिका आहेत. दीक्षाभूमीवर दरवर्षी पुस्तकांच्या दुकानांभोवती जी गर्दी उसळते, ती पाहिलेल्या माणसाला या अभ्यासिका कुठून आल्या हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता मोफत ऑनलाइन वर्गांचं बघू. ते आज ढिगाने आहेत. केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ हे व्यासपीठ ९ जुलै २०१७ला सुरू झालं. विद्यापीठांतल्या आणि आयआयटीतल्या प्राध्यापकांचे पूर्ण अभ्यासक्रम तिथे विनाशुल्क शिकता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेचं शुल्क भरायचं. आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. मराठी विश्वकोश आणि राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं संकेतस्थळावर मोफत आहेत. आणि खुद्द नागपुरात मुख्यालय असलेली ‘महाज्योती’ ही संस्था इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी जेईई, नीट, सीईटीचे ऑनलाइन वर्ग चालवते. निवड झालेल्यांना टॅब मिळतो, वर रोजचा ६ जीबी डेटा.

म्हणजे शिक्षक मिळाला, टॅब मिळाला, डेटाही मिळाला. राहिली बसायची जागा. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं, त्यात टीव्ही सुरू, वर मे महिन्यात पंचेचाळीस अंशांचं ऊन. त्या खोलीत दोन तासांचं भौतिकशास्त्राचं व्याख्यान कोण आणि कसं ऐकणार? अभ्यासिकेतला कूलर, त्याच्या ओल्या ताट्यांचा वास आणि शेजारी तितक्याच तन्मयतेने वाचत बसलेला अनोळखी मुलगा, एवढ्या तीन गोष्टींनी मोफत वर्ग खरोखर मोफत होतो. नाहीतर तो कागदावरच फुकट.

दुसरी गोष्ट माणसाची. वाचनालयाच्या काउंटरवर दुपारी थोडा वेळ बसून पाहा. पुस्तक बदलायला आलेल्यांपेक्षा फॉर्मची अडचण घेऊन आलेले जास्त भेटतील. “सर, ओटीपी येऊनच नाही राहिला,” म्हणत एक मुलगी फोन पुढे करते. आधारला जोडलेला नंबर वडिलांचा, आणि वडील गावी शेतात. ग्रंथपाल वडिलांना फोन लावून देतात, आकडे विचारून घेतात, फोटो दोनशे केबीच्या आत बसवून देतात. तेवढ्यात जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले एक काका पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचं विचारायला येतात. कुणाच्याही नोकरीच्या करारात हे काम लिहिलेलं नाही. तरीही ते रोज होतं, पैसे न घेता होतं. बाहेरच्या दुकानात याच कामाचे पैसे मोजावे लागतात.

अंध वाचकांसाठी २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू आहे. त्याची माहिती काउंटरवरच मिळाली, तर किती घरांत पुस्तक पोहोचेल! इथे मात्र आपली वाचनालयं कमी पडतात. सेवा असते, पण दारावर पाटी नसते.

कमी का पडतात, याचं कारण सरळ आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७चा. त्यानुसार राज्यातल्या हजारो वाचनालयांना अ, ब, क, ड अशा दर्जाप्रमाणे अनुदान मिळतं आणि त्यातूनच पुस्तकं, वीजबिल आणि पगार भागवायचे असतात. मद्रास राज्याने १९४८च्या कायद्यात ग्रंथालयांसाठी मालमत्ता करावर अधिभाराची सोय केली. आपल्या कायद्यात तशी तरतूदच नाही. परिणाम असा, की ग्रंथालयशास्त्र शिकलेला माणूस अत्यल्प मानधनावर राबतो आणि वायफायचं बिल देणगीतून भरलं जातं. कर्नाटकाने २०२०मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांची डिजिटल सेवा सगळ्या नागरिकांना मोफत खुली केली. अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत ग्रंथालयाच्या कार्डावर भाषेचे आणि संगणकाचे ऑनलाइन वर्ग मिळतात, आणि ते कसे सुरू करायचे हे शिकवायला माणूस पगारावर नेमलेला असतो. आपल्याकडे वर्ग आहेत, मुलं आहेत, बाकही आहेत. तो नेमलेला माणूस तेवढा नाही. दर्जावाढ आणि अनुदानाचा विचार करताना संगणक मदतनिसाचं एक पद धरलं, तर विदर्भातल्या मुलांना परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात जाऊन खोलीभाड्यापायी शेत गहाण टाकायची पाळी कमी येईल.

शासन करील तेव्हा करील. दहावी-बारावीचे निकाल लागले, की प्रवेशाच्या आणि शिष्यवृत्तीच्या फॉर्मांची झुंबड याच काउंटरांवर उडते. तुमच्या वस्तीतल्या वाचनालयाचे सभासद व्हा, वर्गणी वेळेवर भरा. संगणक येत असेल तर आठवड्यातून दोन तास तिथे बसा आणि फॉर्म भरून द्या. घरी चालू स्थितीतला जुना लॅपटॉप पडून असेल, तर तो भंगारात देण्याआधी ग्रंथपालांना एकदा विचारा.