‘माणिक’ हे नाव

‘माणिक आला’ म्हटले की मुलगा समजावा, ‘माणिक आली’ म्हटले की मुलगी. नुसते ‘माणिक’ म्हटले तर क्रियापदाची वाट पाहिल्यावाचून गत्यंतर नाही. मराठीत अशी नावे थोडी. किरण, सुहास ही सर्वांच्या परिचयाची. माणिक मात्र आता बारशाला क्वचितच ऐकू येते.

मूळ शब्द संस्कृत ‘माणिक्य’. नवरत्नांतील हे लाल रत्न ज्योतिषी सूर्याचे मानतात. रसायनशास्त्राच्या लेखी ते ॲल्युमिनियमचे ऑक्साइड असून किंचित क्रोमियममुळे त्यास लाली येते. हे नाव दोघांनाही कसे शोभते, याचे उत्तर आमच्या मते व्याकरणात आहे. हिरा पुल्लिंगी; तो मुलीला द्यायचा तर ‘हिराबाई’ करावे लागते. ‘ते माणिक’ नपुंसकलिंगी, म्हणून कोणा एकाच्या वाट्याचे आधीच ठरलेले नाही. (‘सुमन’ही नपुंसकलिंगीच, पण आपल्याकडे ते मुलींचे झाले आणि बंगालात पुरुषांनाही मिळाले. लोक व्याकरणाला विचारून बारसे करीत नाहीत.)

१९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावलीस जन्मलेल्या तुकडोजी महाराजांचे मूळ नाव माणिक. गुरू आडकोजी महाराजांनी त्यांना ‘तुकड्या’ म्हटले. रत्नाचा तुकडा झाला, आणि वऱ्हाडाने डोक्यावर घेतला तो तुकडाच! नागपूरचे कवी ग्रेस हे माणिक गोडघाटे. त्यांनीही हे नाव मागे ठेवले. ते मिरवले एका स्त्रीने. १९२६ साली जन्मलेल्या गायिका माणिक दादरकर लग्नानंतर माणिक वर्मा झाल्या. लग्नात मुलीचे पाळण्यातले नावही बदलण्याची चाल असलेल्या समाजात त्यांचे ‘माणिक’ कायम राहिले.

एवढे शब्दकौतुक बुलढाण्यात कशासाठी, असे कोणी विचारील. १५९८ साली सिंदखेडराजास जिजाबाई जन्मल्या तेव्हा लखुजी जाधवांनी हत्तीवरून साखर वाटली, असे आपण अभिमानाने सांगतो. त्याच आपल्या जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागे ९०८ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८५५ उरल्या. त्याच वर्षी साताऱ्यात ‘नकुशी’ नावाच्या २८० हून अधिक मुलींना नवी नावे देण्यात आली. आपल्याकडे ते नाव ठेवले नसेल. आकडा दुसरे काय म्हणतो?

मुलीला फूल म्हणावे, वेल म्हणावे, ज्योत म्हणावे. त्यात प्रेम आहे, नाही असे नाही. पण मुलाला जे नाव दिले असते तेच, काना-वेलांटीचाही फरक न करता, तिच्या कानात सांगायचे, ही गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. शाळेच्या पटावर घोटाळा होईल, अशी शंका वडीलधारी मंडळी काढतात. मुलगा की मुलगी, यासाठी तिथे निराळा रकाना असतोच.